सोडली आणि सोडोली

आपटे मास्तरांनी आयुष्यात कुणालाही आपटलं नाही. आपटावं अशी प्रकृतीच नव्हती. उंची जेमतेम पाच फूट, आणि सदरा अंगात घातला आहे की खुंटीला अडकवला आहे असा प्रश्न पडावा असा देह. तरी चिखली तालुक्यातले पैलवान त्यांना वचकून असत. कुस्त्यांच्या दंगलीच्या मैदानात ते दिसले की चांगले दांडगे गडी लंगोटाची गाठ पुन्हा तपासत आणि आपसांत म्हणत, "आपटे आला बे, आता नीट लढा लागते."

हा दरारा एका स्तंभाचा होता. आमच्या गावात दर शुक्रवारी एक चार पानी साप्ताहिक निघायचं. त्याच्या तिसऱ्या पानावर डाव्या हाताला मास्तरांचं 'खेळ पाहिला' हे सदर असे. ज्याला ज्याला म्हणून आपल्या मराठीत खेळ म्हणतात ते सगळं मास्तर पाहत आणि त्यावर लिहीत. तंबूतल्या सिनेमाचा खेळ, सर्कशीचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, कबड्डी, कुस्ती, शाळेतलं गॅदरिंगसुद्धा. मी त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवायचो आणि गुरुवारी संध्याकाळी छापखान्यात जाऊन त्या साप्ताहिकाची मुद्रितं तपासायचो. त्यामुळे त्यांचं लिखाण गावाच्या आधी एक दिवस माझ्या वाट्याला यायचं.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षंच झाली होती. पुण्याहून कुणी मास्तर आपण होऊन आमच्याकडे नोकरीला येतो, हे गावाला पटत नव्हतं. कुणी म्हणे घरी भांडून आला, कुणी म्हणे लग्न मोडलं. खरं कारण मास्तरांनी मला एकदा सांगितलं. "वानखडे, तिकडे प्रत्येक खेळाला दहा जण परीक्षण लिहायला बसलेले असतात. इथे कुणीच नव्हतं." एवढंच.

त्यांचे नियम कडक होते. तिकीट स्वतःच्या पैशाने काढायचं, चालकाचा चहा प्यायचा नाही, आणि खेळ पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत पाहायचा. चौथा नियम मात्र मी त्यांच्याआधी कुणाचा पाहिला नव्हता. लिहिण्यात काही चुकलं तर पुढच्या शुक्रवारी सदराच्या अगदी माथ्यावर, नव्या मजकुराच्या आधी, 'मागचं चुकलं' असा मथळा द्यायचा आणि त्याच टायपात ती चूक सांगायची. साप्ताहिकाचे मालक-संपादक भाऊसाहेब यांना हे बिलकुल पसंत नव्हतं.

"अहो मास्तर," ते म्हणत, "दुकानदार कधी फळीवर लिहितो काय, का बाप्पा काल माझ्या डाळीत खडे होते म्हणून?"

"लिहीत नाही," मास्तर म्हणत, "म्हणून तर आपण त्याची डाळ रोज निवडून घेतो."

यावर भाऊसाहेब पान लावायला घेत. त्यांच्याजवळ उत्तर नसलं की ते पानच लावत.

तंबूतल्या सिनेमाचा किस्सा तर गावात वर्षभर पुरला. बाजारापलीकडच्या पडीक जागेत तंबू लागला होता. मास्तर खेळ पाहून आले आणि त्यांनी अर्धा रकाना स्तुती लिहिली. आरंभीच नायिकेचा मृत्यू दाखवायचा, मग तिचं लग्न आणि शेवटी तिचं बालपण, म्हणजे काळाची गंगा उलटी वाहवायची, हे दिग्दर्शकाचं धाडस अपूर्व आहे, वगैरे. मीही मुद्रित तपासताना मान डोलावली. सोमवारी दाढी करता करता न्हावी त्यांना म्हणाला, "मास्तर, म्या पाह्यला तवा तं लगन आंदी होतं अन् मयत मागून. तुमच्या रोजी ऑपरेटर झोपला असन. रिळं उलटीपालटी लावली त्यानं."

मास्तर तसेच उठले. अर्धी दाढी राहिली होती ती पुसली, तंबूवर गेले, पुन्हा तिकीट काढलं आणि तो अख्खा सिनेमा परत पाहिला. शुक्रवारी छापून आलं: "मागचं चुकलं. गेल्या अंकात मी ज्या धाडसाची स्तुती केली ते दिग्दर्शकाचे नसून पेंगणाऱ्या ऑपरेटरचे होते. सरळ क्रमाने पाहता सिनेमा सामान्य आहे." आठ दिवस गाव हसत होतं. भाऊसाहेब तर म्हणाले, आता या सदराला काळं कुत्रं विचारणार नाही. घडलं उलटंच. पानठेल्यावर दंगलीवरून वाद पेटला की लोक म्हणू लागले, "थांबा बे, शुक्रवारी मास्तर काय लेहते ते पाहू. चुकलं असन तं चुकलं म्हणून सांगीन तरी."

एका बाबतीत मात्र मास्तर पक्के पुणेरी होते. आमची भाषा त्यांच्या कानाला टोचायची. ते कुणाला हसत नसत, रागावतही नसत, पण एक लांबट वही त्यांनी केली होती. डाव्या बाजूला मथळा 'ऐकले', उजव्या बाजूला 'शुद्ध'. डावीकडे 'मले', उजवीकडे 'मला'. डावीकडे 'काऊन', उजवीकडे 'का'. ते आल्याच्या पहिल्याच महिन्यात शाळेचा शिपाई त्यांच्या खोलीवर सांगून गेला, "वानखडे सर तुमच्याकडे येऊन राह्यले." मी आपला दहा मिनिटांत पोचलो, तर मास्तरांनी घरमालकिणीकडून उशी-सतरंजी मागून आणून माझा बिछाना घातलेला! येऊन राहणार म्हणजे मुक्कामालाच येणार, असा त्यांचा हिशोब. मी पोट धरून हसलो. त्यांनी शांतपणे वही काढली आणि 'येऊन राह्यले' याच्यासमोर 'येत आहेत' असं लिहिलं.

सदरातही ते हेच करत. एखादा पैलवान त्यांना म्हणालेला असे, "म्या त्याले उचललं अन् देल्लं फेकून." छापून येई, "मी त्यास उचलून फेकले." पैलवान बिचारा पेपर हातात धरून मलाच विचारायचा, "सर, हे म्या म्हणलो?"

तेव्हा ही मला गंमत वाटायची. त्यात धोका आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मी वऱ्हाडी माणूस, मुद्रितं मी तपासायचो, माझ्या तरी यायला हवं होतं.

आमच्याच तालुक्यातल्या उंद्रीला यशवंता म्हणून एक जवान पैलवान होता. रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायचा. त्याच्या वस्तीने काही वर्षांपूर्वीच धम्म घेतला होता, आणि त्या नव्या उभारीत वस्तीच्या लोकांनी स्वतःची तालीम बांधली होती. गावातल्या जुन्या तालमीची माती त्यांच्या पोरांच्या अंगाला कधी लागू दिली गेली नव्हती. म्हणून यांनी हौद खणला, लाल माती आणली, तिच्यात ताक आणि तेल जिरवलं, वर टिनं टाकली. यशवंता तिथे सकाळ-संध्याकाळ वीसेक पोरांना शिकवायचा. मास्तरांनी त्याच्या दोन कुस्त्यांवर मनापासून चांगलं लिहिलं होतं. वस्तीत ती कात्रणं तालमीच्या भिंतीला खळीने चिकटवलेली होती.

त्या वर्षी देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत दंगल भरली. यशवंताची जोड लागली जालन्याकडच्या एका मोठ्या पैलवानाशी. तो अंगाने यशवंताच्या दीडपट. पाऊण तास झाला तरी कुस्ती निकाली होईना. हलगीवाला वाजवून वाजवून दमला. मास्तर उभ्याने पाहत होते. पण यात्रेच्या दिवसांत चिखलीच्या शेवटच्या एसटीला मुंगीलाही जागा नसे, आणि मास्तरांना खिडकी नसली की गाडी लागायची. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, खेळ संपायच्या आधी मैदान सोडलं. स्टँडवर ते गाडीत बसले न बसले तोच मैदानावरून आलेला एक जण खिडकीशी ओरडला, "उंद्रीवाल्याची कुस्ती सोडोली!"

मास्तरांनी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे मनातल्या मनात शुद्ध करून घेतलं. शुक्रवारी छापून आलं: "पाऊण तास झुंजून उंद्रीच्या मल्लाने अखेर कुस्ती सोडली. ज्यास शेवटपर्यंत लढावयाचे नाही त्याने लंगोट बांधू नये."

दहा-बारा दिवसांनी मधल्या सुट्टीत यशवंता शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. हातात तो पेपर, घड्या घालघालून मऊ झालेला.

"जय भीम, मास्तर."

"जय भीम. ये, आत ये, बस."

तो बसला नाही. "मास्तर, माही कुस्ती तुम्ही पाह्यली काय?"

"पाहिली की. पाऊण तास उभ्याने पाहिली."

"शेवटपरेंत?"

खोलीत आम्ही चौघे-पाच शिक्षक होतो. मास्तरांना काहीही सांगता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही," ते म्हणाले.

"मंग लेहलं काऊन?"

त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मास्तर म्हणाले, "मला एकाने सांगितलं, तू कुस्ती सोडलीस म्हणून."

"म्या नाही सोडली. अंधार पडून राह्यला होता. पंच मंधात आले, दोघाइचे हात वर केले अन् बरोबरीत सोडोली. पंचानं सोडोली, मास्तर. म्या सोडली नाही."

"काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"पंचानं सोडोली."

मास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मास्तर, आमच्याकडे पाठवलं म्हणजे पाठोलं, बसवलं म्हणजे बसोलं. सोडवली म्हणजे सोडोली." आणि हे मी गुरुवारीच बोलायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. पण मीही ती कुस्ती पाहिली नव्हती. मास्तर लिहितात म्हणजे तसंच असणार, असं मी धरून चाललो होतो.

यशवंता पेपराची आणखी एक घडी घालत म्हणाला, "हाटेलात बाजाराच्या रोजी पेपर वाचतात. तुमची ते लंगोटाची ओळ साऱ्याइले पाठ झाली. गावातले हसतात त्याचं मले काई नाही, ते आंदीबी हसत होते. पण आमच्या वस्तीतले म्हणतात, जालन्यावाल्याले भ्याला. वीस पोरं येत होते तालमीत. आता एकबी येत नाही. सोडणाऱ्याच्या हाताखाली पोरं काय शिकतीन, म्हणतात." मग तो म्हणाला, "माह्या मायनं भित्तीवरचे तुमचे दोन्ही कागद काढून टाकले."

तो गेल्यावर मास्तर पुढच्या तासाला वर्गावर गेले आणि त्यांनी नेहमीसारखं शिकवलं. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. संध्याकाळी ते शाळेतून थेट छापखान्यात आले तेव्हा कळलं की त्यांच्या आत काय चाललं होतं.

भाऊसाहेबांना आधीच खबर लागली होती आणि त्यांनी तोडही काढून ठेवली होती. "मास्तर, एका 'व'चा तर प्रश्न आहे! सोडली, सोडवली. 'व' पडला. तळाला बारीक टायपात मुद्रणदोष म्हणून टाकू, मिटलं."

आमचे जुळारी रहीमचाचा अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीसमोर उभे होते. ते हसत म्हणाले, "मेरेपे डाल दो मास्टरजी. टाइप तो रोजही गिरते मेरे हाथ से."

मास्तरांनी भिंतीवरच्या तारेला अडकवलेली जुनी हस्तलिखितं काढली आणि एकेक उलटत ती कुस्ती शोधली. त्यांच्या वळणदार अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, 'सोडली'.

"चाचा, मी दिलं तेच तुम्ही जुळवलंत. आणि 'व' पडला असता तरी लंगोटाची ओळ कुणाच्या हातून पडली?"

"अहो पण लोकांचा विश्वास उडंन!" भाऊसाहेब आता खरंच काकुळतीला आले होते. "सिनेमाची गोष्ट वेगळी, ती हसण्यावारी गेली. आता तुम्ही न पाहता लिहिलं म्हणून छापलं, तर आजवरचं सारंच न पाहता लिहिलं असं म्हणतील लोक."

"म्हणू देत. माझ्यावरचा उडाला तर तो मी मिळवला होता, मी घालवला. त्या मुलावरचा उडाला तो काय म्हणून?"

भाऊसाहेबांनी पान लावायला घेतलं.

त्या शुक्रवारी सदरात दुसरं काहीच नव्हतं. मी ती दुरुस्ती अजून शब्दशः सांगू शकतो. "मागचं चुकलं. उंद्रीचे यशवंत यांनी कुस्ती सोडली नाही. ती पंचांनी बरोबरीत सोडवली. मी शेवट पाहिला नाही. एसटीत खिडकीची जागा मिळावी म्हणून आधीच निघून गेलो, आणि जे ऐकले तेही चुकीचे ऐकले. कुस्ती सोडली ती मी. लंगोटाबद्दलचे वाक्य यशवंत यांना लागू नाही. ते ज्याला लागू आहे त्याने ते लिहिले होते."

मला वाटलं, झालं. यापेक्षा जास्त माणूस काय करणार? पुढच्या बाजाराला मी उंद्रीला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा सहज हाटेलात डोकावलो. पेपर वाचून दाखवणाऱ्या गड्याला विचारलं, "मास्तरांची दुरुस्ती वाचली काय?"

"ते कोण आयकते, सर? त्यात कुस्ती नाही, नुसती माफी हाय. म्या वाचा लागलो तं लोक म्हणले, पुढचं पान काढ."

मास्तरांना हे सांगताना मला चोरट्यासारखं वाटलं.  ते म्हणाले, "म्हणजे वानखडे, चूक मोटारीने गेली आणि दुरुस्ती पायी चालली आहे. तिला पोचवून यायला हवं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली. उंद्रीचं हाटेल गच्च भरलेलं. भज्यांचा घाणा चाललेला, बाहेर बैलांचा सौदा. मास्तर बाकावर चढले, दोन्ही पेपर काढले आणि आधी चूक, मग दुरुस्ती, असं खणखणीत वाचू लागले. 'यशवंत यांनी', 'पंचांनी', 'लागू नाही'. एक म्हातारबा कानाला हात लावून शेजाऱ्याला म्हणाला, "काय म्हणून राह्यले हे?"

"पुण्याचं बोलून राह्यले."

हशा पिकला. मास्तर थांबले. त्यांनी पेपरांची घडी केली आणि खिशात घातली. मग जे केलं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. एकेक शब्द चाचपत ते म्हणाले:

"आयका. म्या पाह्यलं नोतं. म्या खिडकीच्या जागेसाठी पयलेच निंघून गेल्तो. यशवंतानं कुस्ती सोडली नाही. पंचानं सोडोली. सो-डो-ली. म्या बह्याडावानी आयकलं अन् बह्याडावानी लेहलं."

पुण्याचा मास्तर स्वतःला बह्याड, म्हणजे चक्क खुळा, म्हणतो हे ऐकून आधी सगळे खो खो हसले. हसता हसता एकेक जण थांबला. म्हातारबा म्हणाला, "म्हंजे पोरगा हारला नाही?"

"हारला नाही अन् भ्यालाबी नाही."

"मंग असं सांगा ना बाप्पा! कवाचं काय वाचून राह्यले."

 त्यांची वऱ्हाडी वाईट होती, हेल तर पार चुकीचे, पण चार वर्षांत ते आमच्याशी पहिल्यांदाच आमच्यासारखं बोलले होते. रात्री खोलीवर परतल्यावर त्यांनी ती लांबट वही काढली, उजव्या बाजूचा 'शुद्ध' हा शब्द खोडला आणि तिथे 'पुण्याकडचे' असं लिहिलं.

पण खोलीवर परतण्याआधी आणखी एक घर बाकी होतं. हाटेलातून आम्ही वस्तीत गेलो. यशवंताची आई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मास्तरांनी हात जोडून तेच सगळं पुन्हा सांगितलं. बाईने सूप खाली ठेवलं नाही.

"तवाबी तुम्हीच सांगतलं, आताबी तुम्हीच सांगून राह्यले," ती म्हणाली. "कोणतं खरं मानाव आमी?"

  ज्याने एकदा न पाहता लिहिलं, त्याचं दुसऱ्यांदा का मानायचं?

"माझं मानूच नका, बाई," मास्तर म्हणाले. "तुम्ही स्वतः पाहा."

"म्या माय हाव त्याची. मले काय दाखवता? ज्याइचे पोरं हायेत त्याइले दाखवा."

मग रविवारी आम्ही पुन्हा उंद्रीला. तालमीत यशवंता एकटाच माती उकरत होता. पोरांचा पत्ता नाही. मास्तर हौदाच्या काठावर बसले. यशवंता म्हणाला, "पोरंच नाही तं शिकवू कोणाले, मास्तर?"

मास्तरांनी चपला काढल्या. मग सदरा काढून माझ्या हातात दिला, चष्मा दिला, धोतराचा काचा मारला आणि ते त्या हौदात उतरले. वय पन्नाशीला टेकलेलं, बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. "मला शिकव," ते म्हणाले.

मी ओरडलो, "मास्तर, भलतंच काय! हाडं मोडतील."

"वानखडे, चार वर्षं कुस्तीवर लिहितो आहे. माती अंगाला एकदा लागू दे तरी."

यशवंताला काय करावं ते सुचेना. त्याने मास्तरांच्या कपाळाला आणि खांद्यांना माती लावली, पाय कसे रोवायचे ते दाखवलं, आणि मग भरलेली घागर खाली ठेवावी तसं अलगद त्यांना उचलून मातीत पाठीवर ठेवलं. मास्तर उठले. पुन्हा ठेवलं. पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला दाराशी खुसखुस ऐकू आली. चार-सहा पोरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. एक जण ओरडला, "आरे, यशवंतादादानं आपटेले आपटलं!"

वस्तीभर बातमी गेली. बायका आल्या, हातातली कामं टाकून माणसं आली, आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. यशवंताची आईही होती. मास्तर मातीने माखलेले, चष्म्याशिवाय कुणालाच ओळखू न शकणारे, तसेच सगळ्यांकडे पाहून हसत होते. जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ?" बाई पदराआडून म्हणाली, "या. पण पोटभर जेवून येत जा, मास्तर. वाऱ्यानं उडान एखाद्या रोजी."

ते दर रविवारी जात राहिले. दोन-तीन रविवार मास्तरांना आपटलं जाताना पाहायला पोरं जमली, मग त्यांतली दोन हौदात उतरली, मग पाच. संक्रांत होऊन गेल्यावर मी मोजली तेव्हा चौदा होती. काही घरांनी शेवटपर्यंत पाठवलं नाही, हेही सांगायला हवं. मास्तरांनी या साऱ्यावर सदरात एक अक्षर लिहिलं नाही. मी सुचवलं तर म्हणाले, "चूक माझी, तालीम त्यांची. त्यात माझी जाहिरात कशाला?"

पुढे दीड-दोन वर्षांनी म्हातारी आई आजारी पडली म्हणून मास्तर पुण्याला परत गेले. त्या दिवशी मी परीक्षेच्या कामाने बुलढाण्याला होतो, निरोप द्यायलासुद्धा नव्हतो. मग पत्रं आली, ती कमी होत गेली, आणि एका पत्राला त्यांच्या पुतण्याने उत्तर दिलं. म्हणून मला मास्तर आठवतात ते त्याआधीच्या यात्रेतले.

देऊळगाव राजाची तीच दंगल. यशवंताची जोड पुन्हा त्याच जालन्याकडच्या पैलवानाशी. सूर्य कलला तरी कुस्ती चालूच. माझी मुलगी तापाने निजलेली होती, मला शेवटची गाडी गाठणं भाग होतं. मी मास्तरांची बाही ओढली. त्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यात यशवंताने काहीतरी डाव टाकला असावा, कारण सगळं मैदान एकदम उठून उभं राहिलं आणि पाच फुटांचे मास्तर त्या गर्दीत बुडाले. उंद्रीच्या माणसांतून कुणीतरी ओरडलं, "आबे, मास्तरले दिसू द्या!" आणि दोघा गड्यांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. फेट्यांच्या आणि टोप्यांच्या वर ते एकटेच दिसत होते, एका हाताने चष्मा घट्ट धरलेला, तोंड उघडं, डोळे मैदानावर.

मी धावत गाडी गाठली. गाडी सुटता सुटता मैदानाकडून मोठा गलका उठला. पॅसेंजर खिडक्यांतून माना बाहेर काढून ओरडू लागले, "काय झालं बे? कोण पडलं?" रस्त्यावरून कुणी म्हणे उंद्रीवाला, कुणी म्हणे जालन्यावाला, कुणी म्हणे सोडोली. गाडीत वाद पेटला. कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता मला विचारलं, "सर, तुमचे मास्तर न्हाई आले?"

"नाही," मी म्हणालो. "ते थांबले तिथंच."

पुढच्या बाकावरचा एक शेतकरी मागे वळला. उंद्रीचा नव्हता तो, मला ओळखतही नव्हता. "मास्तर थांबले न?" तो म्हणाला. "मंग कायले भांडता बे. शुक्रवारी कळंन."

गाडीतले सगळे वाद सोडून आपापल्या जागी बसले.